पेशवाईचं 'सर्व्हर' ज्यांच्या हातात होतं, त्या नाना फडणवीसांची गोष्ट

चहाच्या टपरीवर तुम्ही क्यूआर कोड स्कॅन केला. खात्यातून वीस रुपये कापले गेले. पण टपरीवाल्या काकांचा साऊंडबॉक्स काही बोलला नाही. आता पैसे नक्की गेले कुठे?

अशा वेळी बहुतेकदा थोड्या वेळात पैसे परत येतात. कारण बँकांच्या डेटाबेसमध्ये एक नियम कडक पाळला जातो. व्यवहार एकतर पूर्ण होईल, नाहीतर झालाच नाही असं धरलं जाईल. अर्धवट काही राहणार नाही. कॉम्प्युटरच्या भाषेत याला ट्रान्झॅक्शन म्हणतात.

हा नियम कॉम्प्युटरवाल्यांनी गेल्या पन्नासेक वर्षांत नीट मांडला. पण त्यामागचा प्रश्न जुना आहे. हजारो व्यवहार रोज होतात, माणसं विसरतात, खोटं बोलतात, मरतात. मग कोणी कोणाला काय दिलं, हे शंभर वर्षांनीही सांगता येईल अशी नोंद ठेवायची कशी?

अठराव्या शतकात पुण्यात बसून एका माणसाने जन्मभर याच प्रश्नाशी झुंज दिली. त्यांचं आडनाव भानू होतं. लोक त्यांना ओळखतात त्यांच्या कामाच्या नावाने. नाना फडणवीस.

फडणवीस म्हणजे नेमकं काय?

फडणवीस हा शब्द फारसीतून आला. फर्द म्हणजे कागद किंवा यादी, आणि नवीस म्हणजे लिहिणारा. थोडक्यात, सरकारी नोंदी लिहिणारा आणि तपासणारा अधिकारी.

भानू घराणं मूळचं कोकणातल्या वेळासचं. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्यासोबत देशावर आले. पुढे १७१९ साली पेशव्यांबरोबर दिल्लीला गेले असताना तिथल्या गडबडीत ते मारले गेले. फडणिशी त्यांच्या घरात राहिली.

नानांचं खरं नाव बाळाजी जनार्दन भानू. जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यात झाला. १७५६ च्या सुमारास वडील जनार्दनपंत वारले आणि जेमतेम चौदा वर्षांच्या मुलाकडे घराण्याची जबाबदारी आली. नानासाहेब पेशव्यांनी त्यांना आपल्या मुलांबरोबर वाढवलं, लिहायला-हिशेबाला बसवलं.

पानिपतातून वाचलेला मुलगा

१७६१ च्या जानेवारीत मराठी फौज पानिपतावर होती. फौजेबरोबर यात्रेकरू होते, बायका होत्या, म्हातारी माणसं होती. अठरा वर्षांचे नाना आई आणि पत्नीला घेऊन त्यात होते. १४ जानेवारीला फौजेचा पाडाव झाला आणि पळापळ सुरू झाली. नाना कसेबसे जीव वाचवून दक्षिणेत आले. पत्नीही पुढे सापडली. आई मात्र परत आली नाही.

नानांनी स्वतःच्या आयुष्याची एक छोटी हकिकत लिहून ठेवली आहे. त्यात पानिपतही येतं. त्या काळात स्वतःबद्दल असं लिहिणारी माणसं फार कमी होती.

पानिपतानंतर काही महिन्यांतच, २३ जून १७६१ रोजी, नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. तिजोरी रिकामी, डोक्यावर कर्ज, काका रघुनाथरावांशी ओढाताण. अशा वेळी नव्या पेशव्यांना पहिल्यांदा एकच गोष्ट कळायला हवी होती. कुठून किती येणं आहे आणि कोणाला किती देणं आहे? याचं उत्तर तलवारीत नव्हतं, दफ्तरात होतं.

भाऊबंद मोरोबा आणि नाना या दोघांकडे फडणिशीचं काम होतं. माधवरावांच्या काळात दफ्तराच्या कामात मोठी सुधारणा झाली, आणि तिचं श्रेय इतिहासकार नानांना देतात.

पुण्यातलं हुजूर दफ्तर चालायचं कसं?

पेशव्यांच्या मुख्य सचिवालयाला हुजूर दफ्तर म्हणत. दोनशेहून जास्त कारकून तिथे काम करत, असं सांगितलं जातं. सगळं लिखाण मोडी लिपीत. बोरू न उचलता झरझर लिहिता यावं म्हणून ही लिपी सोयीची. कागदांचे गठ्ठे कापडात बांधले जात, त्यांना रुमाल म्हणत.

हिशेबाचे दोन मोठे विभाग होते.

पहिला चालते दफ्तर. नावातच अर्थ आहे. जे काम आत्ता चालू आहे ते इथे. हा विभाग थेट फडणवीसांच्या हाताखाली. यात फड होता, जिथून सनदा आणि हुकूम निघत. बेहडा होता, जिथे गावा-परगण्यांच्या जमाखर्चाचे अंदाज आणि हिशेब येत. आणि सरंजाम होता, जिथे फौजेसाठी लावून दिलेल्या मुलखाचा हिशेब राही.

दुसरा एलबेरीज दफ्तर. हा विभाग पुण्यातच असे. सगळ्या खात्यांचे कागद इथे तारखेप्रमाणे लावले जात. वर्षाची जमा, खर्च आणि शिल्लक यांचा गोषवारा बनवला जाई, त्याला तर्जुमा म्हणत. शिवाय खतावणी होई. म्हणजे विषयवार, अक्षरक्रमाने यादी. एखाद्या गोष्टीबद्दल सरकारने आजवर काय काय दिलं-घेतलं, हे गठ्ठे न उपसता सापडावं म्हणून.

आता हे आजच्या भाषेत पाहू.

आज रेडिस किंवा सॅप हाना अशा प्रणाली आहेत. त्यांना इन-मेमरी डेटाबेस म्हणतात. साधे डेटाबेस माहिती डिस्कवर ठेवतात आणि लागेल तशी वर काढतात. हे डेटाबेस चालू माहिती थेट रॅममध्ये ठेवतात, म्हणून उत्तर फार झटपट मिळतं. पण रॅमची एक खोड आहे. वीज गेली की सगळं पुसलं जातं. म्हणून हे डेटाबेस दोन कामं करून ठेवतात. प्रत्येक बदलाची ओळ डिस्कवरच्या लॉगमध्ये लिहितात, आणि अधूनमधून सगळ्या माहितीचा एक फोटो काढून ठेवतात. त्याला स्नॅपशॉट म्हणतात. मशीन बंद पडलं तर आधी स्नॅपशॉट उघडायचा, मग त्यानंतरच्या लॉगमधल्या ओळी क्रमाने पुन्हा चालवायच्या. गेलेली माहिती परत उभी राहते.

चालते दफ्तर म्हणजे हाताशी असलेलं, झटपट काम. रोजकीर्द, म्हणजे रोजच्या रोज लिहिलेली जमाखर्चाची वही, हा लॉग. वर्षाचा तर्जुमा हा स्नॅपशॉट. आणि खतावणी म्हणजे इंडेक्स. तुलना अगदी तंतोतंत नाही, कारण इथे यंत्र नव्हतं, माणसं होती. पण अडचण तीच होती आणि उपायही त्याच वळणाचा होता.

मोर्तब झालं की विषय संपला

समजा, सरकारने एखाद्याला जमीन इनाम दिली. नुसती सनद त्या माणसाच्या हातात दिली की काम होत नसे. मुलखाच्या अधिकाऱ्याला वेगळं पत्र जाई. देशमुख-देशपांड्यांना वेगळं. गावच्या मोकदमाला, म्हणजे पाटलाला, वेगळं. यातलं एक जरी पत्र राहिलं तर घोटाळा ठरलेला. इनामदाराकडे कागद आहे, पण पाटील जमीन सोडत नाही. किंवा पाटलाने सोडली, पण मामलेदार सारा मागतोच आहे.

म्हणजे कागद चार, पण व्यवहार एक. सगळी पत्रं निघाली तरच इनाम पूर्ण. डेटाबेसमध्ये याला अविभाज्यता म्हणता येईल.

कागद पूर्ण झाला की शेवटी मोर्तबाचा शिक्का बसे. मजकूर इथे संपला, याखाली कोणी ओळ घुसडू नये, याची ती खूण. आपण आजही एखाद्या निर्णयावर शिक्कामोर्तब झालं असं म्हणतो, तो शब्द इथून आला. डेटाबेसमध्ये या क्षणाला कमिट म्हणतात. कमिट होईपर्यंत माघार घेता येते. कमिट झालं की नोंद पक्की, मग वीज जावो नाहीतर मशीन बंद पडो.

एका माणसावर विश्वास नाही, हाच नियम

जिल्ह्याच्या पातळीवरची व्यवस्था तर आजच्या ऑडिटवाल्यांनाही आवडेल अशी होती. मामलेदाराच्या हाताशी दरकदार नावाचे अधिकारी असत. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता.

कामाची वाटणी अशी. दिवाण प्रत्येक पत्रावर आपली सही-निशाणी करी. मुजुमदार कागद आणि हिशेब आधी तपासून फडणिसाकडे पाठवी. जिल्ह्याचा फडणीस त्यावर तारीख घाली, रोजचं टिपण ठेवी आणि पैशांच्या थैल्यांना चिठ्ठी बांधी. दफ्तरदार त्या रोजच्या वहीवरून खातेवही बनवून दर महिन्याला गोषवारा हुजुरात पाठवी. पोतनीस रोख रकमेची जमा-शिल्लक ठेवी. पोतदार नाणी पारखी. आणि पोतदार एक नाही, नेहमी दोन असत.

वर गावकीच्या बाजूने देशमुख-देशपांड्यांचे कागद वेगळे येत. मामलेदाराचा हिशेब त्यांच्याशी ताडून पाहिला जाई. दोन्ही जुळले तर ठीक, नाही जुळले तर जाब द्यावा लागे.

इथे खोटं लिहिणं अशक्य नव्हतं. पण खोटं लिहायचं तर एकाच वेळी सहा-सात माणसांना फोडावं लागलं असतं.

चाळीस दिवसांचा पेशवा

या सगळ्याची खरी परीक्षा १७७३ नंतर झाली.

माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने वारले. त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव गादीवर आले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांचा खून केला. काका रघुनाथराव पेशवे झाले. खुनामागे त्यांचाच हात असल्याचा संशय होता.

नाना, सखारामबापू बोकील आणि इतर कारभाऱ्यांनी एकत्र येऊन रघुनाथरावांना बाजूला केलं. हेच ते बारभाईंचं कारस्थान. नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना पुरंदरवर सुरक्षित ठेवण्यात आलं. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला आणि जेमतेम चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवेपदाची वस्त्रं मिळाली. हे सवाई माधवराव.

पेशवा पाळण्यात, आणि राज्याचा कारभार त्याच्या नावाने चालू. सनदा निघत होत्या, सारा जमा होत होता, फौजेला पैसे जात होते. कारण कारभार एका माणसाच्या आठवणीवर नाही, नोंदींवर उभा होता.

रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांकडे गेले आणि युद्ध पेटलं. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौजेला मराठ्यांपुढे नमतं घ्यावं लागलं. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने हे प्रकरण मिटलं. या वर्षांत नाना रणांगणावर कमी आणि पत्रांच्या ढिगाऱ्यात जास्त दिसतात. दरबारोदरबारी त्यांचे वकील होते, त्यांच्याकडून बातमीपत्रं येत. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी नाना अर्धे, अशी आठवण महाराष्ट्रात सांगितली जाते. अर्धे का, तर ते तलवारीचे गडी नव्हते.

पण सगळी वाट एकाच दारातून

नानांचं कौतुक करताना दुसरी बाजूही पाहायला हवी.

सखारामबापू आणि मोरोबा हळूहळू बाजूला पडले, कैदेत गेले. सगळा कारभार नानांच्या हाती एकवटला. १७९१ साली पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्या कोठडीत परगावचे ब्राह्मण गुदमरून मेले. शहरात संताप उसळला आणि लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठेचून मारलं. पेशवाईच्या कानाकोपऱ्यातल्या बातम्या ज्यांच्याकडे येत, त्यांच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर कोतवाली काय करत होती, हा प्रश्न नानांना आजही विचारला जातो.

तरुण सवाई माधवरावांवर नानांची करडी नजर असे. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. पेशवाईचा तो शेवटचा मोठा विजय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एकवीस वर्षांचे पेशवे शनिवारवाड्यातल्या माडीवरून खाली पडले आणि २७ तारखेला वारले. ती आत्महत्या की अपघात, यावर वाद आहे.

मागे वारस नव्हता. बऱ्याच डावपेचांनंतर रघुनाथरावांचाच मुलगा दुसरा बाजीराव पेशवा झाला. ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी नानांना दग्याने पकडलं आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. पुढच्या वर्षी सुटका झाली, पुन्हा कारभारही मिळाला. पण जुना वचक राहिला नव्हता. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात नाना वारले.

रेडिसमध्ये आदेश साधारणपणे एकाच रांगेतून, एकामागे एक चालवले जातात. त्यामुळे दोन आदेश एकमेकांत अडकत नाहीत आणि गोंधळ होत नाही. पण मग ती एकच जागा बंद पडली तर? म्हणून शहाणी माणसं दुसऱ्या मशीनवर प्रत चालू ठेवतात. नानांनी कागदांच्या प्रती ठेवल्या. स्वतःची प्रत मात्र तयार केली नाही.

नानांनंतर दफ्तराचं काय झालं?

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मुलूख मक्त्याने दिले जाऊ लागले. जो जास्त रक्कम कबूल करेल त्याला वसुली. मग गावोगावचे हिशेब ताडून बघायची गरजच कोणाला वाटेना. दफ्तराची माणसं कमी झाली, नोंदी तुटक झाल्या. लोकांनी कागद उचलून नेले तरी कोणी अडवत नसे, असं पुढे दफ्तर तपासणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना आढळलं.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि याच कागदांना नवी किंमत आली. इंग्रजांना कळायला हवं होतं की कोणती जमीन खरोखर इनाम आहे. कॅप्टन मॅक्लिऑड या अधिकाऱ्याने दफ्तर गोळा करून लावायला घेतलं. पुढे इनाम कमिशन आलं. ज्या घराण्याकडे सनद होती आणि दफ्तरात जुळणारी नोंद होती, त्याची बाजू भक्कम. ज्याची नोंद सापडली नाही, त्याच्या जमिनीवर टांगती तलवार. साठ-सत्तर वर्षांपूर्वी फडावर कोणा कारकुनाने ती ओळ लिहिली होती की नाही, यावर एखाद्या घराची भाकरी ठरत होती.

हे दफ्तर ठेवण्यासाठी १८९१ च्या सुमारास पुण्यात दगडी इमारत बांधली गेली. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकीर्दीतून निवडलेल्या नोंदी छापल्या गेल्या आणि न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांवर सविस्तर विवेचन केलं. १९३० च्या दशकात गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात हजारो रुमाल आहेत. मोडी वाचणारी माणसं कमी, म्हणून त्यातले कितीतरी कागद अजून नीट वाचलेलेच नाहीत.

शनिवारवाड्याजवळचा नाना वाडा, लक्ष्मी रस्त्यावरचं बेलबाग मंदिर, नाना पेठ आणि वाईजवळ मेणवलीचा घाट. नानांच्या खुणा अशा विखुरलेल्या आहेत. त्यांचं सर्वात मोठं काम मात्र रुमालात बांधलेलं आहे.

पुढच्या वेळी पेमेंट अडकलं आणि काही मिनिटांनी पैसे परत आले, तर समजायचं की कुठेतरी एक ओळ वेळेवर लिहिली गेली होती.